छापलेलं घर

तांबोळी बाई फार रागीट होत्या, असं त्यांना ओळखणारा कुणीही सांगेल. आमचे केंद्रप्रमुख सांगतील, शाळेत तांदूळ पोचवणारा टेम्पोवाला सांगेल, आणि मीही तेच सांगणार आहे. बाकीचे ते कुरकुरत सांगतात. मी मात्र बाईंच्या रागाचा काही उपयोग झाला नाही म्हणून चिडून सांगतोय. "स्वभावानं कडक होत्या, पण मनानं चांगल्या होत्या हो," असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. मनानं चांगल्या होत्या म्हणूनच तर चिडायच्या. ज्यांना काही वाटतच नाही, ते निवांत चहा पीत बसलेले मी रोज बघतो.

देवळाली प्रवराच्या पुढं उसाच्या पट्ट्यात आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा आहे. मी नेवाशाकडचा, तेव्हा नोकरीत नवा. बाई देवळालीत राहायच्या आणि स्कूटीवर यायच्या. ठेंगणी मूर्ती, डोक्यावर पदर आणि पाटापलीकडच्या माणसालाही ऐकू जाईल असा आवाज. राग आला की बाई पेन्सिलींना टोक काढत बसत. तालुक्याला मीटिंगला जाऊन आल्या की दुसऱ्या दिवशी पहिलीपासून चौथीपर्यंत सगळ्या पोरांच्या पेन्सिली तासलेल्या असायच्या. "बाई काल राहुरीला गेल्त्या वाटतं," असं पोरंसुद्धा ओळखायची.

मी रुजू झालो त्याच आठवड्यात शहरातल्या कुठल्याशा मंडळानं शाळेला चित्रांच्या पुस्तकांचं खोकं भेट दिलं. गुळगुळीत कागद, झकास रंग. मला आनंद झाला. बाईंनी पोरांना गोल करून बसवलं आणि पहिलं पुस्तक उघडलं. 'माझे कुटुंब'. लाल कौलांचं घर, दारात कुंडी, आई ओट्याशी, बाबा खुर्चीत पेपर वाचताहेत. बाईंनी पान उलटलं. बाबा पेपर वाचताहेत. आणखी एक उलटलं. बाबा पेपरच वाचताहेत.

"ह्या माणसाला काही कामधंदा नाही का रे?" बाईंनी विचारलं.

"सुट्टी असंल, बाई," एकजण म्हणाला.

"मग बायकोला का नाही सुट्टी?"

पोरं खिदळली. बाई हसल्या नाहीत. दुसरं पुस्तक सणांचं निघालं. त्यात चौथ्या पानावर टोपी घातलेला एक मुलगा शिरखुर्म्याची वाटी घेऊन उभा होता. बाईंनी ते पान माझ्यासमोर धरलं. "बघा सर. आमचा माणूस चौथ्या पानावर येतो, शिरखुर्मा देतो आणि जातो. वर्षाच्या बाकीच्या दिवशी तो काय खातो, कुठं जातो, त्याची आई त्याला कशावरून मारते, कुणाला पडलंय?"

मी म्हटलं, "बाई, चित्रं छान आहेत पण."

"चित्रं छानच आहेत. म्हणूनच राग येतो."

त्या खोक्यातली पुस्तकं बाईंनी फेकून दिली नाहीत. वाचून दाखवायच्या, पण भांडत भांडत. आणि त्याच सुमाराला त्यांनी पोरांकडून पुस्तकं करून घ्यायला सुरुवात केली. कागद कुठून आणायचा, तर लग्नपत्रिकांचा. आमच्याकडं लग्न म्हटलं की अर्ध्या तालुक्याला पुरतील एवढ्या पत्रिका छापतात आणि निम्म्या तशाच उरतात. लग्नसराई सरली की बाई घरोघर फिरून त्या उचलून आणत. जाड पुठ्ठा, मागची बाजू कोरी. पत्रिकेवरचा गणपती मात्र कात्रीनं जपून कापून एका डब्यात ठेवत आणि डबा भरला की माझ्या हातात देत. "कापायचं काम माझं, प्रवरेत सोडायचं काम तुमचं. माझ्या हातून चुकीच्या ठिकाणी पडला तर गाव मला सोडायचं नाही, आणि तुम्हाला कुणी विचारायचं नाही." हे त्या हसत म्हणायच्या, पण ते काही नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, हे मला पुढं कळलं.

गव्हाच्या पिठाची खळ, पोत्याची सुतळी आणि दाभण, एवढ्यावर पुस्तक व्हायचं. प्रत्येक पोरानं आपल्या घराचं पुस्तक करायचं. बाईंची अट एकच. पुस्तक शाळेच्या पेटीत जाण्याआधी त्या घरी जाऊन, घरच्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं. घरचे हो म्हणाले तरच ते पुस्तक झालं. नाहीतर पुन्हा काढायचं. ह्या अटीपायी बाईंनी ऐकून घेतलं ते दुसऱ्या कुणी घेतलं नसतं. एका आजीनं नथ खोडायला लावली, कारण ती जावेच्या ताब्यात होती. एका बापानं सांगितलं की भाऊ वेगळा निघालाय, त्याला चित्रातून काढा. बाई म्हणाल्या, "पोराचा चुलता आहे तो. तुमचं बोलणं बंद आहे, त्याचं नाही." चुलता राहिला.

पंक्चर काढणाऱ्या मोमीनभाईंच्या पोरानं केलेल्या पुस्तकात जॅक होता, ट्यूब होती, पाण्याच्या टबात येणारे बुडबुडे होते, बापाच्या हातचा मार होता. ते पाहून शाळा समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, ह्यात ईद कुठंय?" बाईंनी त्यांना विचारलं, "तुमच्या नातवाच्या पुस्तकात दिवाळी कुठंय?" अध्यक्षांनी बघितलं तर खरंच नव्हती. नातवानं नुसती म्हैस आणि ड्रिपच्या नळ्या काढल्या होत्या.

दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला की पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. शाळेपासून हाकेच्या अंतरावर, पाटाच्या कडेला त्यांच्या कोप्या पडत. कोपी म्हणजे बांबूच्या कांबी वाकवून, वर पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, आणि प्लॅस्टिकचा कागद टाकून केलेलं घर. चार-पाच महिने तिथंच राहायचं, पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की मोडून गावी जायचं. त्या पोरांना शाळेत आणायला कुणी जात नसे. बाई जायच्या. काजल अशीच आणलेली, तिसरीच्या वयाची. आई सुनीता, बाप बाळू आणि म्हातारी आजी. पहिले दोन दिवस पोरगी तोंड उघडेना. तिसऱ्या दिवशी तिनं लग्नपत्रिकेचा पुठ्ठा पुढ्यात ओढला आणि मान वर न करता चित्र काढत राहिली.

'आमची कोपी' असं त्या पुस्तकाचं नाव. पहिल्या पानावर पाचटाची पिवळीधमक कोपी, दुसऱ्यावर अंधारात कोयते घेऊन उसाच्या फडाकडे चाललेले आईबाप, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी आई. ती सगळ्यांत मोठी, ट्रॉलीपेक्षा मोठी. आणि शेवटून दुसऱ्या पानावर चुलीपुढं बसलेला बाप, हातात भाकरी. खाली लिहिलेलं, 'आईच्या हाताला कोयता लागला तव्हा बापानं भाकरी केली. भाकरी जाड झाली. आमी खाल्ली.'

मी आयुष्यात पुष्कळ पुस्तकं वाचली. ह्या तीन वाक्यांत काय कमी आहे ते मला अजून कुणी दाखवून द्यावं.

अटीप्रमाणं आम्ही संध्याकाळी कोपीवर गेलो. बाई पाचटावर मांडी घालून बसल्या आणि वाचू लागल्या. आजोबांच्या वयाचे शेजारी, टोळीतल्या बाया, सगळे जमले. भाकरीचं पान आलं तसा एकच हशा झाला. बाळू लाजून चूर झाला.

"बाई, तेवढं पान काढा," तो म्हणाला. "गावाकडं गेलं तर लोक हसतील."

"का हसतील?"

"बाप्या माणूस चुलीम्होरं दिसतो न् काय."

"केली होती का नाही भाकरी?"

"केली हुती. पण ती काय चित्रात काढायची गोष्ट हाय व्हय?"

सुनीता पुढं सरकली. हाताला चिंधी तशीच बांधलेली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. केली तर केली. मी कुनाला सांगितली न्हवती, पोरीनं सांगितली."

बाळूनं मग कान खाजवले आणि हो म्हणाला. वर म्हणाला, "मग भाकरी तरी गोल काढ की गं, लई वाकडी काढली." काजल म्हणाली, "वाकडीच हुती." परत निघताना स्कूटी सुरू करत बाई एवढंच म्हणाल्या, "ह्याला म्हणतात घर."

जिल्ह्यातल्या एका संस्थेनं मुलांनी केलेली पुस्तकं छापून सगळ्या शाळांना वाटायचं ठरवलं. मूळ पुस्तक पाठवायचं होतं. बाईंचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी साफ नाही म्हटलं. पण काजलनं विचारलं, "बाई, मग आमच्या गावच्या शाळेत बी येईल का माझं पुस्तक?" गावची शाळा म्हणजे पाथर्डीकडची, जिथं वर्षातले अर्धे महिने तिची जागा रिकामी असायची आणि मास्तर तिला 'कोपीवाली' म्हणायचे. दुसऱ्या दिवशी बाईंनी पुस्तक स्वतः नगरला जाऊन संस्थेत दिलं.

पट्टा पडायला थोडे दिवस उरले असताना छापील पुस्तकांचा गठ्ठा आला. पोरं भोवती गोळा झाली. बाईंनी सुतळी कापली, वरची प्रत उचलली आणि पानं उलटत गेल्या. मग शांतपणे टेबलाशी बसून पेन्सिली तासायला लागल्या. तासता तासता पेन्सिल संपायला आली तरी थांबेनात. मी प्रत हातात घेतली.

'माझे सुंदर घर.' लेखन व चित्रे, काजल, आणि खाली तिच्या गावाचं नाव. आत लाल कौलांचं पक्कं घर, दारात तुळस. आई गॅसच्या ओट्याशी. आजीच्या हातात जपमाळ. बाबा खुर्चीत. पेपर वाचताहेत. फड नाही, कोयता नाही, ट्रॉली नाही. भाकरीचं पान तर नव्हतंच.

त्या लाल कौलांवर हात आपटावा असं मला झालं होतं. बाई म्हणाल्या, "चला. घरी वाचायचंय."

"बाई, हे घेऊन जायचं तिकडं?"

"अट आहे. छापलं म्हणून अट सुटत नाही."

त्याच पाचटावर बसून बाईंनी ते पुस्तक पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. आवाज कुठंही चढवला नाही. आजीनं विचारलं, "कुनाचं घर म्हनायचं हे?" बाळूला खरंतर हायसं वाटलं. "चांगलं केलं जनू, भाकरीचं काढून टाकलं," तो म्हणाला, पण म्हणताना बायकोकडं बघेना. सुनीतानं पुस्तक हातात घेऊन एकेक पान निरखलं आणि ओट्याजवळच्या गोऱ्या बाईवर बोट ठेवलं.

"ही मी व्हय?"

बाई म्हणाल्या, "नाही."

"मग मी कुठंय ह्यात?"

काजल आजीच्या पाठीशी बसली होती. तिनं पुस्तक मागितलं नाही. बाईंनी मात्र तिथंच तिला शब्द दिला, "तुझं पुस्तक मी परत आणते. पट्टा पडायच्या आत आणते."

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही नगरला गेलो. संस्थेचे साहेब सभ्य होते. पाणी दिलं, चहा मागवला. सभ्य माणसांचा मला तेव्हापासून फार संताप येतो. त्यांनी समजावून सांगितलं की मुलांपुढं चांगलं चित्र यायला हवं. गरिबी दाखवून काय उपयोग, मुलीच्याच मनात न्यूनगंड तयार होईल. चित्रकारानं फार मेहनत घेऊन सगळं नव्यानं काढलंय. मुलीचं नाव ठेवलंय ना?

बाई म्हणाल्या, "साहेब, तिनं गरिबी काढली नव्हती. तिनं घर काढलं होतं. गरिबी तुम्हाला दिसली."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय, मॅडम."

"हो. तुम्ही कशाच्या भरात तिची आई पुसलीत ते सांगा."

साहेबांचा चेहरा आक्रसला. मूळ पुस्तक परत द्या, म्हटल्यावर त्यांनी शिपायाला हाक मारली. शिपाई आतून जाऊन आला आणि म्हणाला, चित्रकाराकडं असेल. चित्रकाराला फोन लावला. तो म्हणाला, ते जुन्या लग्नपत्रिकांचं होतं ना, मला वाटलं रद्दी आहे. साहेब फोन ठेवून "सॉरी" म्हणाले. बाहेर येऊन जिन्यावर बसल्याबसल्या बाई "या अल्ला" एवढंच म्हणाल्या.

शाळेत आलेला गठ्ठा बाईंनी वाटला नाही. वाटणार नाही, असं लेखी कळवलं. मग खुलासा मागवणारी नोटीस आली. पाठोपाठ गावात कुजबुज सुरू झाली, की छापलेल्या पुस्तकात दारात तुळस आहे म्हणून बाईंना राग आला. कुणी सुरू केली मला माहीत आहे, नाव लिहून मी त्याला मोठा करणार नाही. गणपतीचा डबा माझ्या हातात देणाऱ्या बाईंना हे ऐकावं लागलं. मी चारचौघांत भांडलो, तर बाईच मला म्हणाल्या, "गप बसा सर. तुमचा राग पोरीसाठी ठेवा, माझ्यासाठी खर्चू नका." काजलची टोळी गेली. ट्रॅक्टर निघाला तेव्हा बाई शाळेतून बाहेरसुद्धा आल्या नाहीत. शब्द पाळता आला नव्हता. त्या उन्हाळ्यात बाईंची बदली पारनेरकडं झाली. बदल्यांच्या दिवसांत बदली झाली, त्यात कुणाला बोलायला जागा नव्हती.

पुढच्या दिवाळीनंतर काजल आली. वीतभर उंच झालेली. मी आपला खूश, पुठ्ठे काढले, खळ केली आणि म्हटलं, चला, पुन्हा करू तुझ्या घराचं पुस्तक. तिनं खाली मान घालून काढायला घेतलं. मी जवळ जाऊन पाहिलं तर लाल कौलं होती. दारात तुळस होती. खुर्चीतल्या माणसाच्या हातात ती पेपरच्या ओळी आखत होती.

"अगं, हे कुणाचं घर?"

"आमचं," ती म्हणाली. "मागल्या येळला माझं चुकलं हुतं, सर. असं असतं."

मी कोपीवर गेलो. सुनीतानं सांगितलं ते असं. पुस्तक गावच्या शाळेत पोचलं होतं. नाव छापलंय म्हणून काजल मोठ्या आनंदानं शाळेत गेली, तर पोरांनी तिला घेरलं. खाली तुझं नाव हाय, तुझ्या बापाचा बंगला दाखव. खोटारडी म्हणाले. पाऊसकाळभर हेच. पोरगी मग शाळेत जाईना, आणि कोपीचं नाव काढलं की अंगावर येई. "सायबानं आमचं घर चांगलं केलं न् आमालाच त्यातनं बाहीर काढलं," सुनीता म्हणाली. न्यूनगंड होईल म्हणून काळजीत पडलेल्या त्या सभ्य माणसाला हे जाऊन सांगावं असं मला शंभरदा वाटलं. सांगितलं असतं तरी त्यानं चहाच मागवला असता.

मी बाईंना फोन केला. रविवारी बाई पारनेरहून दोन एसट्या बदलून आल्या. फाट्यावरून मी त्यांना गाडीवर बसवून आणलं. दुपार कलली होती, टोळी नुकतीच फडातून परतली होती. कोपीच्या तोंडाशी पोत्याचा पडदा सोडलेला आणि त्याच्यापुढं काजल उभी. बाईंना बघून तिचे डोळे चमकले आणि लगेच खाली गेले.

"पाहुणी आलेय तुझ्या घरी," बाई म्हणाल्या. "आत ने की."

काजल जागची हलली नाही. तिनं दोन्ही हातांनी मागचं पोतं धरून ठेवलं.

"बाई, आत नका येऊ. आमचं घर चांगलं न्हाई."

सुनीता पुढं आली. "ए, हो बाजूला, बाई हायत त्या," असं म्हणून तिनं पोरीचा दंड धरला. बाळूही पोतं सारायला वाकला. बाईंनी दोघांना हातानं थांबवलं. मला वाटलं आता तो आवाज निघेल, पाटापलीकडं जाईल, नगरपर्यंत जाईल. बाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. पण त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तिला ओढू नका. घर तिचं आहे. ती बोलवेल तेव्हा जाईन."

आणि त्यांनी चपला काढल्या आणि कोपीसमोर पाचटावर बसकण मारली.

बाळूनं चहा बाहेर आणून दिला. बाईंनी घेतला. शेजारच्या कोप्यांमधल्या बाया येऊन बघून गेल्या. मी म्हटलं, "बाई, शेवटची एसटी चुकेल." त्या म्हणाल्या, "तुम्ही निघा सर. उद्या शाळा उघडायचीय तुम्हाला." मी गाडी चालू केली आणि वळणावर थांबून मागं पाहिलं. बाई तशाच ताठ बसल्या होत्या आणि काजल पोतं धरून उभीच होती. कोपीला दार नसतं. ते पोतं हातानं बाजूला सारून कुणालाही आत जाता आलं असतं.